स्कूल बसमध्ये दारू ओळखणारं यंत्र बसवण्याचा आग्रह पालकांनी धरावा का? ते बसवलं की निर्धास्त राहता येईल का?

आग्रह जरूर धरा. निर्धास्त मात्र राहू नका. मी चाकणच्या कंपन्यांमधल्या कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्यांचं काम बघतो, त्यामुळे ड्रायव्हरची श्वासचाचणी हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

या यंत्राला इंटरलॉक म्हणतात. ते स्टार्टरच्या वायरिंगला जोडलेलं असतं. ड्रायव्हर नळीत फुंकतो, आतल्या फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमवर अल्कोहोलची रासायनिक क्रिया होऊन बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि जितकी दारू जास्त तितका प्रवाह जास्त. मर्यादेच्या वर आकडा गेला की गाडी सुरूच होत नाही. आपल्या कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. मुलांच्या बससाठी माझ्या मते ती शून्यच धरली पाहिजे.

बहुतेक ठिकाणी आज गेटवर हातातल्या ब्रेथ ॲनालायझरने तपासणी होते. ती चांगलीच, पण ती त्या एका वेळेपुरती. सकाळी मुलं सोडली की ड्रायव्हर दुपारपर्यंत मोकळा. मधल्या तासांत तो कुठे होता, कोणाबरोबर बसला, हे गेटवरच्या वहीत दिसत नाही. इंटरलॉक मात्र दुपारी गाडी पुन्हा सुरू करतानाही फुंकायला लावतो. त्याची मला सगळ्यात जास्त किंमत वाटते ती इथेच.

दुसरी गोष्ट पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. रात्रीची दारू सकाळी उतरलेली असतेच असं नाही. शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने ती कमी करतं. रात्री एक वाजता रक्तात १५० असेल, तर सकाळी सहा वाजताही ७५ च्या आसपास उरते, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. माणूस आंघोळ करून, चहा पिऊन, स्वच्छ गणवेशात समोर उभा असतो, बोलतोही नीट. त्याला स्वतःलाही आपण शुद्धीत आहोत असंच वाटत असतं. आंघोळीने आणि चहाने ते प्रमाण कमी होत नाही, आणि डोळ्यांनी बघून हे ओळखता येत नाही.

फसवाफसवी होते का? होते. दुसऱ्याला फुंकायला लावणं ही सगळ्यात सोपी युक्ती. म्हणून चांगल्या यंत्रात कॅमेरा असतो आणि गाडी चालू असतानाही अधूनमधून पुन्हा फुंकायला सांगितलं जातं. तेव्हा दारू आढळली तर इंजिन बंद पडत नाही, कारण धावत्या रस्त्यावर तेच जीवघेणं ठरेल. हॉर्न-दिवे सुरू होतात आणि नोंद होते. ती नोंद रोज कोणी बघत नसेल, तर यंत्र असून नसल्यासारखंच.

खोटी खूणही मिळते. माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं औषध नुकतंच तोंडात गेलं असेल तर आकडा वर जातो. २०२५ मध्ये केरळमधल्या पंदलमला सरकारी बसचे ड्रायव्हर पिकलेला फणस खाऊन आले आणि चाचणीत अडकले. तोंड धुऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घेतली की तोंडातला अंश निघून जातो, रक्तातली दारू राहते. ही दुसरी संधी नियमातच लिहिलेली असावी. ड्रायव्हर हाही कुणाचा तरी बाप आहे, आणि एका फणसाच्या गऱ्यापायी त्याची नोकरी जाता कामा नये.

बाहेर याचा अनुभव मोठा आहे. फ्रान्समध्ये प्रवासी कोचमध्ये २०१५ पासून हे सक्तीचं आहे. अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांच्या गाड्यांत बसवतात आणि यंत्र असेपर्यंत तोच गुन्हा पुन्हा होण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्के घटतं. काढल्यावर तो परिणाम ओसरतो. फुंकावं लागू नये, गाडीने आपोआप ओळखावं, असा नियम करण्याचा कायदा तिथे २०२१ मध्ये झाला. केंटकीत २०१९ मध्ये दारूच्या नशेत उलट दिशेने आलेल्या गाडीमुळे आई-वडील आणि तीन मुलं असं अख्खं अब्बास कुटुंब गेलं, त्यांचं नाव त्याला दिलंय. नियमाची मुदत नोव्हेंबर २०२४ ची होती, ती टळून गेली.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही. पण ही शिक्षा पकडल्यावरची. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या कार अपघातात दोन तरुण जीव गेले, आणि नंतर रक्ताचे नमुनेच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. अपघातानंतर पुरावा गोळा करण्याच्या वाटेवर किती हात असतात, हे पुण्याने पाहिलंय. सुरूच न झालेल्या गाडीबाबत पुराव्याची गरजच पडत नाही.

स्वस्तातल्या यंत्रापासून सावध राहा. ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळणारे सेमीकंडक्टर सेन्सर कॉलेजच्या प्रोजेक्टला ठीक आहेत, पण अत्तरालाही ते दारू समजतात. सारखी खोटी घंटा वाजली की ड्रायव्हर वायर काढून टाकतो, आणि त्याला दोषही देता येत नाही.

महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही असतो. मालकाशी रस्त्यात वाद घालण्यापेक्षा तिथे लेखी मागणी करा. यंत्र फ्युएल सेलचं असावं, कॅलिब्रेशनची (आकडा अचूक येतो का याच्या तपासणीची) तारीख त्यावर चिकटवलेली असावी, वायरिंग गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून व्हावं, आणि रोजची नोंद शाळेत कोण वाचणार त्या माणसाचं नाव त्यात असावं. यंत्र येईपर्यंत सकाळी आणि दुपारी, दोन्ही फेऱ्यांआधी हातातल्या ॲनालायझरने तपासणी मागा; ती उद्यापासून सुरू करता येते.