मेजर ९, मेजर १३ कॉर्ड्समध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) इतके सूर असतात, ते गिटारच्या सहा तारांवर बसवायचे कसे?

सगळे सूर बसवायचेच नाहीत! इथेच बहुतेक जण अडकतात आणि बोटं ताणत बसतात.

सी म्हणजे सा धरा. साधी मेजर कॉर्ड म्हणजे सा-ग-प. त्यात शुद्ध नी आला की मेजर ७, त्यावर वरचा रे आला की मेजर ९, आणि वरचा ध आला की मेजर १३. यातला 'प' बिनधास्त सोडा, कानाला कमी काही जाणवत नाही. ग आणि नी मात्र हवेतच, कॉर्डचा स्वभाव तेच ठरवतात. मध्यम टाळा, तो गंधाराशी भांडतो.

आधी सी मेजर ७. नेहमीची सी मेजर कॉर्ड धरा आणि दुसऱ्या तारेवरची तर्जनी उचला. झालं.

मग सी मेजर ९: पाचव्या तारेवर (सगळ्यात बारीक तार पहिली) तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या तिसऱ्या घरात, मधलं बोट, चौथीवर दुसऱ्याला तर्जनी, तिसरीवर चौथ्याला करंगळी, दुसरीवर तिसऱ्याला अनामिका. पहिली तार मोकळी, सहावी वाजवायची नाही. करंगळीकडे नीट लक्ष द्या. ती एक फ्रेट मागे सरकली की नी कोमल होतो आणि ती नुसती सी ९ होते, जिचा रंग अगदी वेगळा. दोन्ही आलटून पालटून वाजवून ऐकाच, फरक कायमचा कानात बसेल.

मेजर १३ची घाई नको. या दोन कॉर्ड्समध्ये एकेक तार छेडून प्रत्येक सूर स्वच्छ येईपर्यंत थांबा. मी तरी शिकणाऱ्यांना स्ट्रमिंग (सगळ्या तारा एकदम छेडणं) त्यानंतरच करायला सांगतो.