पिठाचे हात

ग्लासगोहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. थोडं कमी करून देते.

"काकू, डिसेंबरात इथे पावणेचारला अंधार पडतो. काम घरूनच, त्यामुळे लॅपटॉप मिटला की ओटा आणि ओटा आवरला की परत लॅपटॉप. ध्यानाचं ॲप घेतलं, पण डोळे मिटले की उद्याच्या डब्याची यादी सुरू होते. सगळे म्हणतात, स्वयंपाकात मन रमव, शांत वाटेल. मी तर रोजच करते स्वयंपाक. मग मला का नाही वाटत? त्यात आईची फोनवर वेगळीच तक्रार, नातू पोळीला हमस (काबुली चण्यांची चटणी) लावून खातो म्हणून."

अगं, रोज करतेस म्हणूनच वाटत नाही. संध्याकाळी साडेसहाला मुलं भुकेजलेली, कुकर शिट्ट्या देतोय, एकीकडे शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी उद्याच्या सहलीचं विचारतंय. हे काम आहे, आणि दमवणारं काम आहे. त्यातच मनःशांती शोध म्हणणं म्हणजे हमालाला 'व्यायाम होतोय की' म्हणण्यासारखं. तेव्हा पहिला सल्ला स्वयंपाक सोडण्याचा. आठवड्यातले दोन दिवस नवऱ्याच्या गळ्यात घाल. दोन्ही दिवस खिचडी टाकेना का! एवढ्या लांब पत्रात त्याचं नाव एकदाही आलं नाही, म्हणून म्हटलं.

मग रविवारी दुपारी, कुणाला भूक लागलेली नसताना, भाकरी कर.

भाकरीच का? माझं माहेर सोलापूरकडचं. तिकडे भाकरी येत नाही म्हणायची सोय नाही. तरी इथे परदेशात आल्यावर कितीतरी वर्षं मी भाकरीच्या वाटेला गेले नव्हते, कारण थापायला घेतली की चिरायची. वाटायचं, आपला हात गेला. हात गेला नव्हता, पिठाची विरी गेली होती. जहाजातून येऊन दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने बसलेलं पीठ ते, त्याला कुठला चिकटपणा राहणार? ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं. (इथल्या पाकिटांवर तेच आता मोठ्या अक्षरात मिरवतात.) त्यामुळे नुसतं मळून ते एकजीव होत नाही. कडकडीत पाण्याने त्यातला स्टार्च फुलतो, आणि तोच सगळं धरून ठेवतो. म्हणून जुन्या पिठाची उकड काढायची. पाऊण वाटी पाणी चांगलं खळखळू दे, त्यात वाटीभर पीठ टाक, उलथन्याच्या दांड्याने ढवळ आणि गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेव.

पुढचं सगळं हातांचं. एका भाकरीपुरता गोळा घे आणि पाण्याचा हात लावत तळहाताच्या टाचेने रगड. आधी तो भुसभुशीत लागतो, बोटांतून निसटतो. मळत राहिलीस की एका क्षणी गोळ्याचा पोत बदलतो, कडा फाटायच्या थांबतात. हे डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळतं. मग खाली कोरडं पीठ भुरभुरवून थापायला घे. जोर बोटांचा, आणि तोही कडेला. नीट जमलं की भाकरी आपोआप गोल फिरायला लागते आणि थापेला एक ठेका येतो. आमच्याकडे सकाळी जाग यायची ती त्या आवाजाने.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेव आणि ओला हात फिरवून तिला पाणी लाव. ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. इथे मान वळवलीस की संपलं, वरून तडे जातात आणि मग भाकरी फुगत नाही. तुझ्याकडे ज्योत नसेल, काचेची शेगडी असेल. मग तव्यावरच स्वच्छ फडक्याने हलकं दाबत फिरव, पापुद्रा सुटतो. इंडक्शन असेल तर तवा लोखंडी हवा, ॲल्युमिनियमचा त्यावर तापत नाही. आणि पीठ जळून धूर होतो, तेव्हा थापायच्या आधीच खिडकी उघड. आमच्या फ्लॅटमध्ये एकदा भोंगा वाजला आणि वरच्या मजल्यावरच्या आजी कोट घालून खाली आल्या.

या सगळ्या वेळात मनगटापर्यंत हात पिठात असतात. फोन वाजला तरी उचलता येत नाही, हे मला सगळ्यात आवडतं. ॲप बंद करायला निर्धार लागतो, इथे तोही लागत नाही. यादी डोक्यात येते, नाही असं नाही, पण पुढची भाकरी तव्यावर असते आणि यादीला थांबावं लागतं. मी चार भाकऱ्या करते. पाचवीला कंटाळा येतो, मग ते परत काम होतं. घरात सहा माणसं असतील तर उरलेल्यांना ब्रेड दे आणि अपराधी वाटून घेऊ नकोस.

पीठ लहान पाकिटातलं घे, तारीख बघून, आणि उरलं तर फ्रीजरमध्ये ठेव. उन्हाळ्यात भारतात जाशील तेव्हा गिरणीतून शाळूचं ताजं पीठ दळून दोन किलो आण. आल्या आल्या त्याची भाकरी करून बघ, गरम पाण्यात नुसतं मळूनही होते.

राहिली आईची तक्रार. भाकरीशी हमस पोळीपेक्षा चांगलं लागतं, मी खाल्लंय. नातवाच्या ताटात शेजारी ठेच्याची वाटी ठेव आणि त्याच वेळी आईला व्हिडिओ कॉल लाव. हात धुऊन मगच.