लेकीला माझा आवाज तुटक का ऐकू येतो?

प्रश्न : माझी मुलगी म्युनिकला असते. रोज रात्री आम्ही मोबाइलवर इंटरनेट कॉलने बोलतो. घरात कुणाच्या फोनमधले फोटो बॅकअपला जायला लागले की तिला माझं बोलणं तुटक ऐकू येतं. मला मात्र तिचं सगळं स्वच्छ ऐकू येतं. आमचा प्लॅन डाउनलोड ५०, अपलोड ५ एमबीपीएसचा आहे. नेटवाला म्हणतो, मोठा प्लॅन घ्या. घ्यावा का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : ताई, इतक्यात घेऊ नका. तुम्हाला तिचं स्वच्छ ऐकू येतं आणि तिला तुमचं नाही, या एका वाक्यात तुम्ही अर्धं निदान करून दिलंय. येणारी बाजू मोकळी आहे, जाणारी तुंबतेय. मी छोट्या दवाखान्यांत, हिशेबाच्या ऑफिसांत इंटरनेटवर चालणारे टेबलफोन बसवून देते. तिथेही तक्रार आली की मी आधी हेच विचारते : तुटतं कुणाला, तुम्हाला की समोरच्याला?

बोलण्याला जागा फारच थोडी लागते. टेबलफोनचा नेहमीचा कोडेक (आवाजाचे आकडे करणारी पद्धत), जी.७११, दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचं एक पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा) करतो. त्यात आवाजाचे १६० बाइट, वर पत्ता वगैरेचे ४०. सेकंदाला अशी ५० पॅकेटं, म्हणजे ८० केबीपीएस. तुमच्या अपलोडच्या दोन टक्केही नाहीत. मोबाइलवरचा कॉल सहसा याहून कमीत भागवतो.

घोळ होतो तो रांगेत. बॅकअप सुरू झाला की फोन १५०० बाइटांपर्यंतची मोठी पॅकेटं सोडत राहतो आणि कुठेतरी एखादं गळेपर्यंत वेग वाढवत नेतो. मोडेमशी (घरातलं नेट बाहेर सोडणाऱ्या डब्याशी) अशी २०० पॅकेटं साचली, तर ५ एमबीपीएसवर ती बाहेर पडायला जवळजवळ अर्धा सेकंद जातो. दळणाच्या गिरणीत कुणी चार पोती आणून ठेवावीत आणि आपण पावशेराचा डबा घेऊन मागे उभं राहावं, तसं तुमच्या आवाजाचं होतं. एका बाजूने आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर संभाषण सहज चालतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. इथून म्युनिकपर्यंतच्या सहा हजारांहून जास्त किलोमीटरांना प्रकाशाला फायबरमधून तीसेक मिलिसेकंद पुरतात. अख्ख्या प्रवासापेक्षा जास्त वेळ तुमच्या घरातच मोडतो! फोटोचं गळालेलं पॅकेट पुन्हा पाठवता येतं. आवाजाचं उशिरा पोचलं तर ते टाकूनच द्यावं लागतं, आणि तिला ऐकू येणारी तूट तीच.

यावर राउटरकडे (घरातल्या फोनांना नेट वाटून देणाऱ्या डब्याकडे) दोन उपाय असतात. जुना उपाय खुणेचा. प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर सहा बिटांची जागा असते. १९९८च्या मानकाने ती प्राधान्याच्या खुणेसाठी ठरवून दिली. आवाजासाठी ४६ हा आकडा वापरतात. राउटर तो पाहून पॅकेट वेगळ्या रांगेत घेतो आणि ती रांग आधी रिकामी करतो. त्या रांगेला मी नेहमी मर्यादा घालते, नाहीतर कुणीही ४६ लावून घुसेल आणि बाकी सगळं उपाशी राहील. शिवाय घराबाहेर पडल्यावर ही खूण पुढचे लोक मानतीलच असं नाही. पुष्कळदा ती पुसली जाते. तुमचं त्याने बिघडत नाही, कारण तुमची कोंडी घराच्या दारातच आहे.

घरासाठी मला दुसरा उपाय जास्त आवडतो. २०१२मध्ये कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली : रांगेत किती पॅकेटं आहेत हे न मोजता, पॅकेट किती वेळ ताटकळलं ते मोजायचं, आणि फार ताटकळायला लागलं की एखादं गाळून पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावायचं. तिच्यातून निघालेली ‘एफक्यू-कोडेल’ प्रत्येक प्रवाहाला (एक कॉल, एक बॅकअप असा) स्वतःची रांग देते आणि थोडंथोडं पाठवणाऱ्याला पुढे घेते. कॉल आपोआप पुढे जातो, खूण असो वा नसो. आवाज एन्क्रिप्ट केलेला असला तरी अडत नाही, कारण आत डोकावायची गरजच नसते.

तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ शोधा. अपलोडची मर्यादा ५ऐवजी ४.५ लिहा. हा अर्धा एमबीपीएस मुद्दाम सोडायचा : रांग मग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते, आणि कुणाला पुढे सोडायचं हे राउटरच्या हातात राहतं. ही पायरी गाळली तर बाकीचं सगळं सेटिंग फुकट. मग बॅकअप चालू ठेवून पिंग (छोटं पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) बघा. आकडा रिकाम्या लाइनच्या जवळपास राहिला तर जमलं. फार चढला तर ४.२ करून पाहा.

नेटवाल्याच्या डब्यात हे सेटिंग नसेल, तर एफक्यू-कोडेल चालवणारा वेगळा राउटर त्याच्यामागे जोडता येतो. तोवर लेकीशी बोलून होईपर्यंत सगळ्यांच्या फोनमधला बॅकअप बंद ठेवा.