पहिल्यांदाच पाटणादेवीला निघालास, तर ऐक

शनिवारी रात्री लॅपटॉप बंद कर भाऊ, नाहीतर डोंगरावरही एक्सेलच दिसेल. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावहून पाटणादेवी साधारण 18 किलोमीटर. पहाटेच नीघ. एप्रिल-मेमध्ये मात्र या नादाला लागूच नको, आपल्याकडचं ऊन 45 अंशांपर्यंत जातं. आधी देवीचं हेमाडपंती देऊळ, मग जंगलवाटेने धवलतीर्थ धबधबा. पाणी माणशी तीन लिटर तरी हवंच.

गाण्यांचं वेड आहे ना? स्पीकर घरी ठेव. कड्याकपारीत आग्या मोहोळं असतात, गोंगाटाने, परफ्यूमने माश्या उठल्या की पळताना पायातली चप्पलही आठवत नाही (मला विचार!). आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची अहिराणी गाणी परतताना गाडीत लाव. जेवायला शेवभाजी सांग, पण तर्री बेतानेच. सोमवारी ऑफिस आहे.