चॅलेंजरच्या क्लच पेडलची स्प्रिंग मागवण्याआधी

क्लच पेडलची स्प्रिंग कुठली मागवू, असं विचारलंत. 1970 ची डॉज चॅलेंजर ही अमेरिकन गाडी, तीही मॅन्युअल गिअरची, अभिनंदन! पण स्प्रिंग मागवायची घाई करू नका. आधी नक्की कुठली हवी ते ठरवा. डॅशखाली पेडलला असते ती दणकट ओव्हर-सेंटर स्प्रिंग. पेडल दाबताना ती पायाला मदत करते. खाली क्लच फोर्कला (क्लच सोडवणाऱ्या दांड्याला) असते ती लहान रिटर्न स्प्रिंग. नवखे हमखास इथेच गोंधळतात.

मग प्रेशर प्लेट (क्लच दाबून धरणारा भाग) बघा, दणकट स्प्रिंग हवी की नको ते तिच्यावर ठरतं. फोर्कचं रबर बूट सरकवा आणि आत टॉर्च मारा. प्लेटवर तीन बोटं (लिव्हर) दिसली तर दणकट स्प्रिंग हवीच. कुणी डायफ्रॅम क्लच (तीन बोटांऐवजी एकच ताटलीसारखी स्प्रिंग असलेला) बसवला असेल तर ती काढाच, नाहीतर पेडल खालीच अडकून राहू शकतं.

- नुसतं साल-मॉडेल सांगून ऑर्डर देऊ नका. जुनीची लांबी, तारेची जाडी मोजा.
- स्प्रिंग कापून जमवू नका.

काढताना गॉगल लावा, ती चांगलीच ताणलेली असते. लिंकेजचं (पेडल आणि फोर्क जोडणाऱ्या दांड्यांचं) सेटिंग नंतर बघू.