बॅटरी काढली आणि गाडी सगळं विसरली

प्रश्न : काका नमस्कार, मी कासारवडवलीला राहतो, गाडी 2015 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, नंतर सीएनजी किट बसवलंय, सिक्वेन्शियलवालं. मागच्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच एअर फिल्टर बदलला आणि व्हिडिओ बघून थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, साफ केली. खोलली नाही, फक्त पुढचा पाइप काढून क्लीनर मारला आणि फडक्याने पुसली. सेफ्टी म्हणून बॅटरीची वायर आधीच काढून ठेवली होती, दीड-दोन तास तशीच. सगळं परत लावलं, गाडी पहिल्या सेल्फला चालू, मी खूश. आणि निघाल्यावर कापूरबावडीच्या सिग्नलला क्लच दाबला तर आरपीएमचा काटा 500 च्या खाली गेला आणि बंद. लगेच चालू होते, पण पुढच्या सिग्नलला परत तेच. एसी लावला तर नक्कीच. घोडबंदर रोडला 50-60 ने चालते तेव्हा काहीच प्रॉब्लेम नाही, पिकअप पण चांगला. चेक लाइट नाही. गॅस आणि पेट्रोल दोन्हीवर हेच होतं. एका मेकॅनिकने फ्युएल पंप बदलायला सांगितलाय, दुसरा म्हणाला थ्रॉटलचा स्क्रू फिरवून स्लो (अॅक्सिलरेटर न दाबता असतो तो आरपीएम) वाढवून देतो. बायको म्हणते चांगली चालणारी गाडी बिघडवली. काय करू?

उत्तर : आधी पंपाचे पैसे खिशात ठेवा. तुम्ही पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी शेवटी लिहिलीय, की दोन्ही इंधनांवर हेच होतं. गाडी गॅसवर असते तेव्हा पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात, इंजिनला पेट्रोल मिळतच नाही, मग पेट्रोलचा पंप खराब असला तरी गॅसवर गाडी बंद पडायचं कारण काय? म्हणजे पंप सुटला, इंजेक्टर सुटले, पेट्रोल फिल्टर सुटला, आणि तसंच उलट बघितलं तर गॅसचं प्रेशर कमी करणारा रेड्युसर पण सुटला. फक्त एक खात्री करा, गॅसच्या वेळी स्विचवरचा दिवा खरंच गॅस दाखवतोय ना, कारण सिलिंडरमध्ये प्रेशर कमी झालं की किट गुपचूप पेट्रोलवर येतं आणि आपल्याला वाटतं गॅसवर आहोत. ठाण्यात बऱ्याच गाड्यांना गॅस आहे, ही टेस्ट फुकटात होते, तरी कोणी करत नाही, डायरेक्ट पंपावर येतात.

आता उरलं काय, तर दोन्ही इंधनांना जे कॉमन आहे ते. हवा, ठिणगी आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. ठिणगीचा प्रॉब्लेम असता तर 60 ला, लोड पडल्यावर, चढावर झटके दिले असते, तुम्ही म्हणता पिकअप चांगला. म्हणजे हवा. आणि तीही फक्त स्लोवरची हवा, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटलच्या फटीतून जी थोडीशी जाते ती.

मी गॅरेजमध्ये पोरांना पहिली गोष्ट हीच विचारायला सांगतो की गाडी मरते कशी. चावी काढल्यासारखी फट्कन बंद होते, की आचके देत, खोकत बंद होते, की फक्त सिग्नलला हळूच झोपते. पहिलीचं कारण बहुतेक वायरिंगमध्ये, रिले किंवा क्रँक सेन्सरमध्ये (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) निघतं, दुसरीत इंधन किंवा प्लग-कॉइल बघायचं, आणि तिसरी म्हणजे स्लोवरची हवा. तुमची तिसरी आहे.

माझा अंदाज सांगतो. थ्रॉटल बॉडीत एक गोल फ्लॅप असतो, त्याच्या कडेला वर्षानुवर्षं काळं साचतं, जास्त करून मागच्या बाजूला, कारण इंजिनची तेलकट वाफ त्या बाजूनेच येते. फट बुजत जाते तसा ईसीएम शिकतो की आता स्लोवर फ्लॅप थोडा जास्त उघडा ठेवायला पाहिजे. हळूहळू, महिनोन्महिने, आपल्याला कळत पण नाही. तुम्ही बॉडी न खोलता पुढून पुसली, म्हणजे समोरून चकचकीत आणि मागे काळी रिंग तशीच. आणि बॅटरी काढली तेव्हा ईसीएम जे काही शिकला होता ते विसरला. आता तो फ्लॅप नव्या गाडीइतकाच उघडतो आणि फट मात्र जुनीच. हवा पुरत नाही, त्यात क्लच दाबल्यावर आरपीएम झपकन खाली येतो, त्यात एसीचा कंप्रेसर, गाडी झोपणारच. नुसती बॅटरी काढून परत लावली असती आणि साफसफाई केलीच नसती तरी बहुतेक हेच झालं असतं. त्यामुळे वहिनींना सांगा, बिघडवली नाही, आठवण पुसली.

पण अंदाजावर जाऊ नका, आधी जिथे जिथे हात लागला ते परत बघा. फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंतचा मोठा पाइप दोन्ही टोकांना नीट बसलाय का, क्लॅम्प आवळलाय का, आणि त्या पाइपला बाजूने एक बारकी नळी येते, ब्रीदरची, इंजिनची वाफ आणणारी, ती बहुतेक लोक काढतात आणि लावायला विसरतात किंवा अर्धीच ढकलतात. थ्रॉटलचं आणि त्याच्या मागच्या सेन्सरचं कनेक्टर 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबा. फिल्टरच्या डब्याच्या लगेच पुढे पाइपात वायर गेलेला सेन्सर दिसला तर तो हवा मोजणारा, मॅफ. त्या गाड्यांमध्ये त्याच्यापासून इंजिनपर्यंत कुठेही पाइप सैल असला की न मोजलेली हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी स्लोवर मरते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना तो नसतो, थ्रॉटलच्या मागच्या मॅनिफोल्डवर हवेचं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर असतो, त्यांच्यात थ्रॉटलच्या आधीचा पाइप सैल राहिला तर धूळ जाईल पण गाडी बंद पडायची नाही, आणि थ्रॉटलच्या मागची नळी निसटली तर उलट स्लो वाढतो, काटा 1200-1500 ला नाचतो. तुमचा काटा खाली जातोय, म्हणून मला नळीपेक्षा काळ्या रिंगेचा संशय जास्त. गळती शोधायला गरम इंजिनवर क्लीनर फवारतात ते व्हिडिओत बघून करू नका, आग लागते. पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाला, दुसरं नळ्यांजवळून फिरवा, गळती असेल तिथे 'सूं' ऐकू येतं.

2013 नंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे ईसीएम तपासायचं, सॉकेट असतं, ब्लूटूथवाला ईएलएम 327 स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, सोसायटीत कोणाकडे तरी असेलच. त्यात लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएमला इंधन किती टक्के कमी-जास्त करावं लागतंय ते, बघा, गाडी पेट्रोलवर ठेवून. अधिक-उणे 10 च्या आत असेल तर ठीक. स्लोवर +20 आणि 2500 आरपीएमला रेस धरल्यावर कमी होत असेल तर हवा कुठून तरी घुसतेय, मग परत नळ्या.

नळ्या ठीक निघाल्या की थ्रॉटल बॉडी नीट खोलून मागून साफ करा किंवा करून घ्या, गॅस्केट किंवा रबरी रिंग चपटी झाली असेल तर नवीन टाका. क्लीनर फडक्यावर मारून पुसा, भसाभस आत फवारू नका. आणि फ्लॅप बोटाने ढकलायचा असेल तर चावी बंद पाहिजे, आत मोटर आणि प्लास्टिकचे गिअर असतात. मग शिकवणी. पेट्रोलवर ठेवा, गॅसवर नाही, कारण सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या इंजेक्टरचा हिशोब बघूनच गॅस सोडतं, पेट्रोलचं गणित चुकलं की गॅसचं आपोआप चुकतं. एसी, लाइट, म्युझिक सगळं बंद, चावी ऑन करून दहा-पंधरा सेकंद थांबा, बंद करा, मग स्टार्ट करा आणि अॅक्सिलरेटरला पाय न लावता रेडिएटरचा फॅन एक-दोनदा चालू-बंद होईपर्यंत नुसती उभी ठेवा. मोकळ्या जागेत, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये नाही. नंतर एसी लावून पाच मिनिटं. नंतर सकाळी लवकर सर्व्हिस रोडला वीस-पंचवीस मिनिटं चालवा, मध्ये मध्ये थांबत. गरम इंजिनवर काटा 700 ते 850 च्या मध्ये स्थिर राहिला की झालं. काही गाड्यांना हे स्कॅनरनेच करावं लागतं, मग गॅरेजला जाऊन 'थ्रॉटल रीलर्न करून द्या' एवढंच सांगा.

आणि तो स्क्रू. फिरवू देऊ नका म्हणजे नकोच. कार्ब्युरेटरच्या जमान्यात स्क्रूने स्लो वाढवायचो, मी पण खूप वाढवलेत. या थ्रॉटलमध्ये तो फ्लॅप कुठे बंद होतो ती हद्द ठरवतो, कारखान्यात सेट होतो, एकदा हलला की ईसीएमला शून्य कुठे तेच कळत नाही.

हे होईपर्यंत गायमुखच्या उतारावर जपून. इंजिन बंद झाल्यावर ब्रेक दोन-तीनदाच हलका लागतो, नंतर दगड होतो, त्यामुळे ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरा. स्टिअरिंग जड होईल. हजार्ड लावा, डावीकडे घ्या, आणि घाबरून चावी पूर्ण मागे फिरवून काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं.

प्रश्न : मी ऐरोलीहून लिहितेय. जुनी बॅटरी गेली म्हणून नवीन आणून मीच बसवली, दहाचा पाना घरात होता. क्लॅम्प थोडा सैल होत होता म्हणून पत्र्याचा छोटा तुकडा मध्ये घातला. आता ठाणे-बेलापूर रोडला खड्डा आला की गाडी एकदम बंद, डॅशबोर्ड पण काळा, आणि नंतर घड्याळ परत पहिल्यापासून सुरू होतं. इंजिनचं काम निघालं का?

उत्तर : नाही ताई, तुमच्या घड्याळानेच उत्तर दिलंय. इंजिनच बिघडलं असतं तर घड्याळ चालू राहिलं असतं. घड्याळ रीसेट होतं म्हणजे बॅटरीचा करंटच तुटतो. दोन प्रकारच्या बॅटऱ्या येतात, जाड पोस्टच्या आणि बारीक पोस्टच्या, तुम्हाला दुकानदाराने बारीक पोस्टवाली दिली आणि गाडीचा क्लॅम्प जाड पोस्टचा आहे. पत्रा काढून टाका, बॅटरी बदलून घ्या, बिल असेलच. नाहीतर पोस्टवर चढवायची शिशाची टोपी मिळते ती आणा. बसवताना निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची. बॅटरी खाली धरून ठेवणारी पट्टी पण आवळलीय ना बघा, ती पुष्कळ जण राहूनच देतात. आणि हो, वरचं पत्र वाचा, नव्या बॅटरीनंतर चार दिवस स्लो कमी-जास्त वाटला तर त्याचं कारण तिथे आहे.

प्रश्न : थ्रॉटल क्लीनरचा डबा महाग पडतो, रॉकेलने पुसलं तर चालेल का? (कळवा)

उत्तर : नको. रॉकेल नीट उडून जात नाही, तेलकट थर राहतो आणि त्याच्यावर धूळ दुप्पट चिकटते. डबा शेजाऱ्याबरोबर अर्धा-अर्धा करा, एका गाडीला सगळा लागत नाही.