‘सहा आठवड्यांनी या’ म्हणजे नेमकं काय?

प्रिय ताई,
मी 25 वर्षांची, नंदनवनला राहते. डिसेंबरच्या शेवटी माझं लग्न आहे. सप्टेंबरात उजवीकडे ओटीपोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी केली. पाळी येऊन तेव्हा 21 दिवस झाले होते. रिपोर्टमध्ये उजव्या ओव्हरीत 5.4 सेंटीमीटरची ‘हिमोरेजिक सिस्ट’ आहे. आत रक्तपुरवठा नाही, डावी ओव्हरी नॉर्मल आहे. डॉक्टर फक्त ‘सहा आठवड्यांनी या’ म्हणाल्या. दुसऱ्या दवाखान्यात सीए-125 तपासलं, ते 48 आलं, आणि लग्नाआधी ऑपरेशन करून मोकळं व्हा असं सांगितलं. मोठी आई म्हणते हे पीसीओडी आहे, काढा घे. आई म्हणते कुणाला सांगू नको. मी काय करू?
– गोंधळलेली

पोरी,

तुझ्या पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द ‘21 दिवस’ हा आहे, आणि तो तू सहज लिहून गेलीस. दर महिन्याला ओव्हरीत एक बीज पाण्याच्या छोट्या पिशवीत वाढतं. पिशवी दोन-अडीच सेंटीमीटरची झाली की फुटते आणि बीज बाहेर पडतं. उरलेली पिशवी मिटून पुढचे दोन आठवडे हार्मोन तयार करते. कधी तिच्यातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, पिशवीत रक्त साठतं आणि ती फुगते. हीच हिमोरेजिक सिस्ट. दोन पाळ्यांमधल्या दिवसांच्या उत्तरार्धात, एका बाजूला दुखून सापडते ती बहुतेक वेळा हीच. साठलेलं रक्त गोठतं, विरघळतं, आणि दोन-तीन पाळ्यांत गाठ सहसा दिसेनाशी होते.

म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी तुला टाळलं नाही. पाच सेंटीमीटरच्या वरची अशी सिस्ट 6 ते 12 आठवड्यांनी पुन्हा बघायची, हीच रीत आहे. फक्त ती तारीख कशी धरायची हे त्यांनी सांगायला हवं होतं. कॅलेंडरवर सहा आठवडे मोजून गेलीस आणि नेमकी पाळीच्या तोंडावर पोचलीस, तर त्या महिन्याची नवी पिशवी दिसेल आणि रिपोर्टवर पुन्हा ‘सिस्ट’ येईल. म्हणून दोन पाळ्या जाऊ दे आणि दुसऱ्या पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात सोनोग्राफी कर. तुझ्या हिशेबाने ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येईल, लग्नाच्या बरंच आधी. दिवाळीच्या गडबडीत राहून जाऊ देऊ नको, नंबर आजच लावून ठेव.

सीए-125 ही ओव्हरीच्या कॅन्सरच्या शंकेपोटी करतात ती रक्ततपासणी, म्हणून 48 बघून तुझी झोप उडाली असणार. 35 पर्यंत नॉर्मल धरतात हे खरं. पण हा आकडा पाळी चालू असताना वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं तो आजार) वाढतो, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयाच्या साध्या गाठी), पोटाच्या टीबीमध्ये, अगदी हिमोरेजिक सिस्टमध्येही वाढतो. तुझ्या वयात आणि अशा रिपोर्टवर ही तपासणी करायची गरजच नव्हती. पाळी कायमची गेलेल्या बाईच्या ओव्हरीत गाठ सापडली तर याच आकड्याला मोठं वजन असतं, तिथे सगळा हिशेब वेगळा. तुझ्या रिपोर्टमध्ये पाहायचे काळजीचे शब्द दुसरे आहेत: ‘सॉलिड’ (घट्ट भाग), ‘पॅपिलरी प्रोजेक्शन’ (आत आलेले कोंब), ‘जाड सेप्टेशन’ (जाड पडदे), ‘व्हॅस्क्युलॅरिटी’ (गाठीतला रक्तपुरवठा), पोटात जास्त पाणी. तू लिहिलंस त्यावरून यातलं काही नाही. तरी रिपोर्टचा कागद काढून एकदा स्वतः वाच.

आता ते ‘लग्नाआधी मोकळं व्हा’. हा सल्ला मला मुळीच पटलेला नाही. गाठ सोलून काढताना तिला चिकटलेला ओव्हरीचा चांगला भागही थोडाफार जातो आणि त्याबरोबर बीजं जातात. रक्त थांबवायला डाग दिला, म्हणजे ती जागा जाळली, तर आणखी जातात. आतले अवयव एकमेकांना चिकटूही शकतात. मूल होण्याची काळजी म्हणून जे करायला निघालात, त्यानेच नुकसान व्हायचं, आणि तेही आपोआप जाणाऱ्या गाठीसाठी. कुणी गर्भनिरोधक गोळ्या देऊन ‘विरघळवतो’ म्हणालं, तर त्या गोळ्या नवी सिस्ट होऊ देत नाहीत, असलेली लवकर घालवत नाहीत.

पीसीओडी म्हणजे हे नव्हे. त्यात 2 ते 9 मिलिमीटरची अर्धवट वाढलेली बीजं पुष्कळ असतात, पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात. एकच पाच सेंटीमीटरची गाठ म्हणजे पीसीओडी नाही. काढ्याचं म्हणशील तर गाठ तशीही जाणारच आहे आणि श्रेय काढ्याला मिळणार आहे. त्यात काय घातलंय हे ठाऊक नसेल तर पिऊ नको, मोठ्या आईशी भांडू मात्र नको. आणि सावजी रस्सा खाऊन सिस्ट होत नाही, तेही कुणीतरी म्हणालं असेलच.

या सहा आठवड्यांत जपायचं एका गोष्टीला. पाच सेंटीमीटरच्या गाठीच्या वजनाने ओव्हरी स्वतःभोवती पिळली जाऊ शकते. याला टॉर्शन म्हणतात. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत ओव्हरी निकामी व्हायला लागते. म्हणून यंदा नवरात्रात गरबा बसून बघ. उड्या, धावणं, जिममधलं जड वजन सध्या बंद. चालणं, ऑफिस, स्कूटी, घरची कामं खुशाल कर. बारीक दुखलं तर पॅरासिटामॉल 500 ची गोळी, लागलीच तर सहा तासांनी दुसरी. अॅस्पिरिन नको.

पण एका बाजूला अचानक असह्य कळ आणि सोबत उलट्या, किंवा चक्कर, घाम, खांद्याच्या टोकाशी दुखणं, पोट कडक होणं, ताप, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. आपल्या नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी रात्रीही सुरू असते. गाडी नसेल तर 108 ला फोन लावा. निघताना काही खाऊ-पिऊ नको, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. रिपोर्टचा फोटो आजच मोबाइलमध्ये घेऊन ठेव. आणि एक गोष्ट डॉक्टर आईसमोर विचारायला संकोचतात: गर्भ राहण्याची थोडीही शक्यता असेल तर एकटीने सांगून लघवीची तपासणी आधी करून घे. नळीतला गर्भही असाच एका बाजूला दुखतो.

नोव्हेंबरात गाठ गेली किंवा निम्म्यावर आली, तर काम झालं. तशीच राहिली किंवा वाढली, तर ती हिमोरेजिक नव्हती असं धरून पुढचा विचार होतो. चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसची जुन्या रक्ताने भरलेली गाठ, सोनोग्राफीत हिच्यासारखीच दिसते. तुझी पाळी नेहमीच फार दुखरी असेल तर हे आत्ताच डॉक्टरांना सांग. डर्मॉइड या आणखी एका प्रकारच्या गाठीत चरबी, केस, कधी दातसुद्धा असतात आणि ती आपोआप जात नाही. शंका असली तर एमआरआय करतात. ऑपरेशन ठरलंच तर दुर्बिणीने, आणि सही करण्याआधी तीन गोष्टी विचार: फक्त गाठ काढणार की ओव्हरी, गाठ पिशवीत घालून बाहेर काढणार का, आणि बायोप्सीला पाठवणार का. ‘फक्त गाठ’ हे संमतीपत्रावर लिहून घे. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आईचं सांगायचं तर या घटकेला तिचं बरोबर आहे. दोन महिन्यांत जाणाऱ्या गाठीची वार्ता सासरी कशाला? चॉकलेट सिस्ट निघाली, तर मात्र होणाऱ्या नवऱ्याला तू स्वतः सांग, कारण मूल कधी हवं हा निर्णय त्यावर ठरतो. त्याला म्हणजे त्यालाच, त्याच्या आत्याला नाही.

सोनोग्राफी शक्यतो त्याच सेंटरला कर आणि जुनी फिल्म ने, म्हणजे मोजमाप जुळतं. लग्न व्हायचं असल्याने पोटावरूनच करतील. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पी आणि नंबर येईपर्यंत लघवीला जाऊ नको.

– ताई